गप्पी मासे

व्हायोलेट कोर्ट, घर नंबर सतरा.
फाटक अडकलंय, चढून जातो.
परवानगीचा कागद खिशात असतो,
दाखवायचा कुणाला?
हातात बादली. बादलीत चाळीस मासे,
बोटाच्या पेराएवढे, राखाडी, भुकेले.

पूल हिरवागार, शिळ्या पालकासारखा.
त्यावर एक फुगवलेली मगर,
निम्मी हवा गेलेली, तरी हसतेय.

याच पाण्यात तीन वर्षांपूर्वी
दर मंगळवारी मी क्लोरीन टाकायचो.
माझ्याकडे बहात्तर पूल होते, कामाला दोन पोरं,
आणि व्हॅनवर निळ्या अक्षरांत: लॉयल प्रुएट, पाणी आरशासारखं.
व्हॅन विकली. नाव खरवडलं.
घेणारा सांगतो, उन्हात तिरकं पाहिलं तर
अजून वाचता येतं.

मर्सेडच्या बाहेर तेव्हा बदामाच्या बागा उपटत होते.
बदामाला फळायला पाच वर्षं लागतात,
घराला नव्वद दिवस.
बँकेतला मुलगा टाय सैल करून म्हणायचा,
पगार किती, ते तुम्हीच सांगा.
आणि आम्ही सांगायचो.
अंथरूणच इतकं मोठं झालं होतं
की पाय कुठे संपतात ते कुणी बघेना.

माझा आजा ओक्लाहोमातून आला होता,
गाडीच्या टपावर गादी बांधून.
मरेपर्यंत सुतळीचे तुकडे जपायचा,
अगदी वीतभरसुद्धा.
आम्ही हसायचो.
तो गेल्यावर तीन डबे निघाले. फेकले.

या घरात विटकॉम राहायचे.
डार्नेल सिमेंटचा ट्रक चालवायचा,
लोकांच्या घरांचे पाये ओतून स्वतःच्या घराचा हप्ता भरायचा.
घरं थांबली तसा ट्रक थांबला,
ट्रक थांबला तसा हप्ता,
आणि हप्ता थांबल्यावर बाकीचं सगळं
भराभर चालू लागलं.
स्वयंपाकघराच्या काचेला आतून एक चिठ्ठी आहे,
ओपलच्या अक्षरात, पुढे जो कोणी येईल त्याच्यासाठी:
डिशवॉशरचं तिसरं बटण अडकतं. दोनदा दाबा.

आता मी जिल्ह्याच्या डास खात्यात आहे.
तासाला अकरा डॉलर आणि रबरी बूट.
आजच्या यादीत एकोणीस पत्ते,
त्यातला बारावा माझा.
तिथे पूल नाही. बहात्तर जणांचे सांभाळताना
स्वतःचा तेवढा राहून गेला,
खड्डा खणला आणि पैसे आटले.
पण खड्ड्यातही पाणी साचतं, पाण्यात अळ्या होतात,
खात्याला दोन्ही सारखेच.

बादली तिरकी करतो.
मासे क्षणभर दबकतात
आणि मग पांगतात, मोठ्या घरात आल्यासारखे.
ऑफिसातली वॅन्डा म्हणते,
अळ्या संपल्या की हे आपलीच पिल्लं खातात.
मी तिला म्हटलं, हे फॉर्मवर लिहायचं असतं का?
म्हणाली, नाही.

कुंपणापलीकडून मिसेस काजिओका बघत असतात.
या गल्लीत त्या एकट्याच उरल्यात,
इथली जमीन त्यांचीच होती, बागेसकट.
विकली तेव्हा एक झाड ठेवून घ्यायची अट घातली होती.
बिल्डर म्हणाला होता, दोन ठेवा.
त्यांनी एकच ठेवलं.

"मासे खायचे असतात का हे?" त्या विचारतात.
"नाही," मी म्हणतो, "अजून तरी नाही."
गंमतच केली होती मी.
पण त्या हसल्या नाहीत,
मग मीही नाही.
थोडा वेळ दोघं पाण्याकडे बघत राहिलो.

मगर एका कडेला लागली होती.
काठीनं तिला ओढून काढली,
उरलेली हवा दाबून घालवली,
घडी केली,
आणि का कोण जाणे,
फेकून न देता
गाडीत ठेवली.